ग्रुप ८ चं वर्ष: नेदरलँड्समधे लेकीची शाळा बदलताना

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला, वर्षभरापूर्वी पुण्याहून इकडे आलेली. मुलाच्या ग्रुप ७ च्या, म्हणजे आपल्या पाचवीच्या, रिपोर्टमधे शेवटच्या पानावर एका चौकोनात 'व्हीएमबीओ-टीएल' असं लिहून आलं होतं, आणि ती विचारत होती की अगं हे काय आहे, काही मेडिकल वगैरे आहे का. मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण दीड वर्षापूर्वी तोच चौकोन आमच्या घरी आला होता आणि आम्ही तो नीट वाचलासुद्धा नव्हता. इथे प्राथमिकनंतर मूल कुठल्या शाळेत जाणार ते कसं ठरतं, हे तिला फोनवर तासभर सांगितलं, तेच तारखांसकट लिहून ठेवते. मी यातली एक्स्पर्ट नाही, आमचं एकच मूल आणि आमचा एकच अनुभव, तेवढं धरून वाचा.

आम्ही ऑगस्ट २०२२ मधे आइंडहोव्हनला आलो. नवऱ्याची नोकरी शेजारच्या वेल्डहोव्हनला, लेक नऊ वर्षांची, पुण्यात चौथीत जेमतेम दोन महिने बसलेली. आल्याआल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंतेत, नाव नोंदवायचं, बीएसएन नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा, घ्यायचा, आणि मग शाळा शोधायची. ऑफिसमधले सगळे म्हणाले इंटरनॅशनल स्कूलला घाला. सरकारी अनुदान असलेल्या इंटरनॅशनल शाळेचीही फी वर्षाला काही हजार युरो, आणि पूर्ण प्रायव्हेट असेल तर वीस हजारांच्याही वर. आम्हाला निदान सहासात वर्षं तरी राहायचं होतं, डच शाळेला फी नाही, आणि लेकीला खाली रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांशी बोलता यावं असंही वाटत होतं, म्हणून आम्ही डच शाळा ठरवली. हा निर्णय आम्ही दोघांनी एका संध्याकाळी चहा पितापिता घेतला आणि त्याचा अर्थ काय ते पुढच्या तीन वर्षांत हळूहळू कळत गेलं.

इथल्या प्राथमिक शाळेला बासिसस्कूल म्हणतात, ती ग्रुप १ ते ८. मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, जूनची वाट बघायची भानगड नाही, आणि पाच पूर्ण झाली की शाळा सक्तीची. पहिले दोन ग्रुप आपल्या बालवाडीसारखे, त्यामुळे ग्रुप ३ म्हणजे आपली पहिली आणि ग्रुप ८ म्हणजे आपली सहावी. हे गणित आधी डोक्यात बसवा, कारण माझ्या सासूबाई शेवटपर्यंत नाशिकहून 'आठवीत गेली ना गं, मग आता बोर्डाचं काय' असंच विचारत होत्या.

घराजवळच्या पहिल्या शाळेने वर्ग भरलाय म्हणून सांगितलं, दुसरीने सांगितलं की डच अजिबात येत नसेल तर आधी टालक्लास. म्हणजे नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचा वर्ग, साधारण एक वर्षाचा. तिथे जागा मिळायला पाच आठवडे लागले, तेवढे दिवस लेक घरी बसून यूट्यूबवर डच पेप्पा पिग बघत होती आणि मी दर दोन दिवसांनी फोन करत होते. टालक्लासचं ते वर्ष मात्र फार गोड गेलं. वर्गात सीरिया, युक्रेन, पोलंड, तुर्की, ब्राझील, आणि आपली एक. कोणालाच डच येत नव्हतं त्यामुळे कोणीच कोणाला हसत नव्हतं.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मधे ती घराजवळच्या साध्या शाळेत ग्रुप ७ मधे गेली. ही शाळा कॅथलिक. मी जरा चपापले होते, बाप्तिस्मा वगैरे विचारतील की काय. काही नाही. इथे १९१७ सालापासून सरकारी शाळा आणि धार्मिक शाळा दोघांनाही सरकार सारखेच पैसे देतं, घटनेतच आहे ते, कलम २३. त्यामुळे कॅथलिक, प्रोटेस्टंट, मुस्लिम, आणि हेगकडे सुरिनामी हिंदूंच्यासुद्धा शाळा आहेत, शिवाय माँटेसरी, डाल्टन असे पद्धतीवरून प्रकार. आमच्या ब्राबांट प्रांतातल्या कॅथलिक शाळेत कॅथलिकपणा म्हणजे ख्रिसमसला येशूचा देखावा आणि बाकी वर्षभर बाकीच्यांसारखंच. वर्षाची 'ऐच्छिक' वर्गणी ४५ युरो, सहल आणि कँपचे वेगळे ९० च्या आसपास. ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक हो, २०२१ पासून कायदाच आहे की पैसे भरले नाहीत म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही. आम्ही भरले.

बाईंना 'युफ' आणि सरांना 'मेस्टर' म्हणतात, त्यापुढे सरळ त्यांचं पहिलं नाव. लेकीला पहिले पंधरा दिवस ते तोंडातून निघेना.

आता मुद्द्याचं, म्हणजे आमची चूक. या शाळांमधे वर्षातून दोनदा गणित, वाचन, शुद्धलेखन वगैरेच्या चाचण्या होतात आणि निकाल एक ते पाच अशा रोमन आकड्यांत येतो. एक म्हणजे सगळ्यात वरचे वीस टक्के, पाच म्हणजे सगळ्यात खालचे. आमच्याकडे गणिताला एक आणि वाचनाला पाच, पुढच्या वेळी चार. आम्ही मनाशी म्हटलं, चला, गणित मस्त, भाषा काय येईल हळूहळू, नंबर कोणी काढत नाही, घरचा अभ्यास जवळजवळ नाही, बुधवारी अर्धा दिवस शाळा, किती छान. इथली शाळा म्हणजे मजा असं मी पुण्यातल्या बहिणीला चारचौघात सांगितलंय. मला हे माहीतच नव्हतं की ग्रुप ६ पासूनच्या त्या सगळ्या आकड्यांची रेघ जोडत शाळा एका निर्णयाकडे चाललीये. जून २०२४ मधे ग्रुप ७ च्या रिपोर्टवर तो चौकोन आला, 'पूर्वसल्ला: व्हीएमबीओ-टीएल / हावो'. युफ बोलताना त्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणाली, आमच्या डचला ते झेपलं नाही, आम्ही मान डोलावली, थँक्यू म्हटलं आणि घरी आलो. भाषा कळली नाही तर मान डोलवायची नाही, 'परत सांगा' म्हणायचं, हवं तर इंग्रजीत सांगा म्हणायचं. हे मी आता शिकले.

त्याच महिन्यातली एक गोष्ट सांगते, नंतर कामाला आली. दोन घरं सोडून एका घरावर झेंडा लागला होता आणि झेंड्याच्या दांडीला चक्क शाळेचं जुनं दप्तर लटकवलेलं. मला वाटलं कोणी चोराने टाकलं की काय. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं मुलगा पास झाला, शेवटची परीक्षा. दहावी-बारावीच्या निकालाला आपण पेढे वाटतो तसं इथे दप्तर टांगतात. कुठली परीक्षा विचारलं तर म्हणाल्या व्हीएमबीओ-काडर, आता सुम्मा कॉलेजला इलेक्ट्रिकचं शिकायला जाणार. मी म्हटलं वा वा.

सप्टेंबर २०२४, ग्रुप ८, पालकांची माहितीसभा, संध्याकाळी साडेसात ते नऊ, कॉफी आणि एकेक बिस्किट. तिथे पडद्यावर तो तक्ता दाखवला. ग्रुप ८ नंतर, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या वाटांना जातात. व्हीएमबीओ चार वर्षांचं, त्यातही चार प्रकार, सगळ्यात हाताने काम करायच्या बाजूला बासिस, मग काडर, मग मिश्र, आणि सगळ्यात पुस्तकी ते टीएल, ज्याला लोक अजून मावो म्हणतात. मग हावो पाच वर्षांचं. मग व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचं, त्यात लॅटिन-ग्रीक घेतलं तर ते खिम्नासियुम, नाही घेतलं तर अथेनेउम. ज्यांना शिकायला फारच जड जातं त्यांच्यासाठी वेगळं प्रात्यक्षिक शिक्षण. व्हीएमबीओ करून एमबीओला, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या कॉलेजला जायचं, हावो करून एचबीओला, म्हणजे व्यावहारिक डिग्रीच्या कॉलेजला, व्हीडब्ल्यूओ करून युनिव्हर्सिटीला. आमच्या गावात बोलायचं तर सुम्मा, फोंटिस आणि टीयू आइंडहोव्हन.

आणि कोण कुठे जाणार ते ठरवतं कोण? परीक्षा नाही. वर्गाची युफ. तिचा 'सल्ला' हा नावाला सल्ला, पण माध्यमिक शाळेला तो पाळावा लागतो, तिला स्वतःची प्रवेशपरीक्षा घेता येत नाही.

मी खुर्चीत गारच पडले. बाराव्या वर्षी! आम्ही चौथीची स्कॉलरशिप दिली, ती हुकली तर आई दोन दिवस बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत, पुढे दहावी होती, बारावी होती, सीईटी होती. इथे पोरीला भाषा येऊन दोन वर्षं झालीत आणि तिच्या नावापुढे काय लिहायचं ते ठरतंय. घरी येऊन तो जूनचा रिपोर्ट शोधला, चौकोन वाचला, गूगलला विचारलं, आणि गूगलने भाषांतर केलं 'पूर्व-व्यावसायिक शिक्षण'. नवरा म्हणाला, म्हणजे आयटीआय? त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. दोनाच्या सुमाराला इंटरनॅशनल स्कूलच्या फीचं पान पुन्हा उघडलं होतं हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी युफला मेल टाकली की दहा मिनिटांचं नको, नीट अर्धा तास हवाय, आणि इंग्रजीत चालेल का. चालेल म्हणाली. ही सगळ्यात उपयोगाची मेल होती आणि ती मी वर्षभर आधी टाकायला हवी होती. पूर्वसल्ला ग्रुप ७ च्या शेवटी आला तरी तो दोन वर्षांच्या आकड्यांवर असतो, त्यामुळे विचारायचं ते ग्रुप ६ संपताना नाहीतर ग्रुप ७ च्या सुरुवातीलाच विचारा. काय विचारायचं? 'कुठला सल्ला मिळेल' असं नको, ते ऐकलं की शिक्षक जरा आखडतात. 'कशामुळे अडतंय आणि घरी काय करू' असं विचारा.

आमच्या युफने वही उघडून स्वच्छ सांगितलं. गणितात ती वर्गात पहिल्या तीनात. पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते, कारण उदाहरण समजत नाही. वाचनात शब्दसंपत्ती कमी. आणि तिसरी गोष्ट, जी मला कधीच सुचली नसती, ती प्रश्न विचारत नाही. इथे सल्ला देताना नुसते मार्क नाही, काम करायची पद्धत बघतात, स्वतःहून सुरुवात करते का, अडलं तर मदत मागते का, आठवड्याचं काम स्वतः लावून घेते का. आमची पोरगी सांगितलं तेवढं शांतपणे पूर्ण करते आणि हात बांधून बसते, जे पुण्यात गुणी मुलीचं लक्षण होतं आणि इथे त्याची नोंद झाली 'पुढाकार कमी'. त्याचा मला राग आला. नंतर विचार केला तर खोटंही नव्हतं.

मग ऑक्टोबरपासून रोज वीस मिनिटं मोठ्याने डच वाचन, लायब्ररीतून पुस्तकं, अठरा वर्षांखाली लायब्ररी फुकट आहे. आठवड्यातून एक तास शिकवणी, तासाला ३० युरो, साधारण चार महिने, म्हणजे पाचशेच्या आसपास गेले. सराव चाचण्यांची दोन पुस्तकं घेतली होती, त्यातलं एक कोरंच राहिलं. शिकवणीवाली ताई युनिव्हर्सिटीत शिकणारी, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रश्नपत्रिका सोडवून काही होणार नाही, बातम्या बघा. लहान मुलांसाठी टीव्हीवर रोज बातम्या असतात त्या आम्ही तिघं जेवताना बघायला लागलो. माझं डच त्याच्यानेच सुधारलं खरं तर.

नोव्हेंबरमधे एक अनपेक्षित प्रश्न आला. ग्रुप ८ मधे सगळ्यांना एक चाचणी द्यावी लागते, डोरस्ट्रोमटुट्स, आधी तिला शेवटची चाचणी म्हणायचे आणि ती एप्रिल-मेमधे व्हायची, २०२४ पासून नाव बदललं आणि फेब्रुवारीत आली. युफ म्हणाली, तुम्हाला इथे येऊन चार वर्षं झालेली नाहीत आणि भाषा अजून कच्ची आहे, त्यामुळे तिला या चाचणीतून सूट घेता येते, हवीये का? नवरा म्हणाला घेऊन टाकू, उगाच कमी मार्क पडले तर? मी घरी येऊन नियम वाचला. चाचणीत कमी आलं तर सल्ला खाली जात नाही. चाचणीत निदान अर्धी पायरी वर आलं तर मात्र शाळेने सल्ला वर न्यायचा, न्यायचा नसेल तर ते मुलाच्या हिताचं का नाही याचं कारण द्यायचं. म्हणजे देऊन नुकसान काहीच नाही! आम्ही सूट घेतली नाही. प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, एखादं मूल खरंच घाबरून आजारी पडत असेल तर सूट आहेच, पण निदान नियम वाचून ठरवा, भीतीने नको.

जानेवारी २०२५ मधे शाळांचे ओपन डेज. चार शाळा पाहिल्या. एका शाळेत फिजिक्सच्या लॅबमधे मोठ्या मुलांनी लेकीच्या हातावर फेस पेटवून दाखवला, एकात फ्रेंचच्या वर्गात क्रेप खायला दिले, आणि पोरीने शाळांची क्रमवारी सरळ याच्यावर लावली. मी विचारायचे ते दोनच प्रश्न, पहिल्या वर्षाचा वर्ग मिश्र आहे का, आणि मधे वाट बदलायची असेल तर काय लागतं. पहिल्या वर्षाला ब्रुखक्लास म्हणतात, ब्रुख म्हणजे पूल. काही शाळांत तो टीएल-हावो असा, काहीत हावो-व्हीडब्ल्यूओ असा एकत्र असतो, म्हणजे निर्णय एकदोन वर्षं पुढे जातो. काही शाळांत पहिल्या दिवसापासून वेगळं. ज्या मुलाची भाषा अजून वाढतेय त्याच्यासाठी एकत्र वर्ग बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

२१ जानेवारी, दुपारी पावणेचार, तात्पुरता सल्ला. कायद्याने तो १० ते ३१ जानेवारीच्या मधे द्यायचा असतो. लेकही सोबत बसते, हे मला आधी विचित्र वाटलं. युफ आमच्याशी नाही, तिच्याशीच बोलली. 'तुला काय वाटतं, तू कुठे बसशील?' लेक म्हणाली हावो. युफ म्हणाली, मला वाटतं व्हीएमबीओ-टीएल/हावो, आणि का ते सांगते. वाचन पाचावरून तीनवर आलंय, दोन वर्षांत कोणी एवढं चढत नाही, पण अजून तीनवर आहे.

आम्ही भांडलो नाही. भांडून आलेले दोन पालक माहिती आहेत, आपल्यातलेच, एकांनी तर पुण्याच्या शाळेचे जुने रिपोर्ट लॅमिनेट करून नेले होते. त्याने काही बदललं नाही. मी फक्त विचारलं, चाचणीत जास्त आलं तर? ती म्हणाली, तर आपण परत बसू, आणि मला आनंदच होईल.

पार्किंगमधे आल्यावर लेकीने विचारलं, आई, टीएल म्हणजे वाईट का? मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हा ते दप्तर आठवलं. तिला म्हटलं, तो कोपऱ्यावरचा दादा आठवतो का, ज्याचं दप्तर झेंड्याला लावलं होतं, तो त्याच्याही आधीच्या पायरीचं शिकला. ती म्हणाली हो, त्याने आपला दिवा लावून दिला होता. खरंच लावून दिला होता, जिन्यातला, फुकट.

त्यानंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की इथली जवळपास निम्मी मुलं व्हीएमबीओलाच जातात आणि वाटा वाटतात तेवढ्या बंद नाहीत. टीएल संपवून हावोच्या चौथ्या वर्षाला जाता येतं, २०२० पासून तर एक विषय जास्त घेऊन पास झालं की तो हक्कच आहे. हावो करून व्हीडब्ल्यूओच्या पाचव्या वर्षाला. एमबीओची चौथी लेव्हल करून एचबीओ, एचबीओचं पहिलं वर्ष करून काही कोर्सेसना युनिव्हर्सिटी. याला इथले लोक 'स्टापेलन' म्हणतात, एकावर एक रचत जाणं. वर्ष जास्त जातात, हे खरं. आणि लवकर वेगळं केल्याने बाहेरून आलेल्या मुलांचं नुकसान होतं अशी तक्रार इथले डच शिक्षकसुद्धा करतात, तेही खरं. मला ही पद्धत पूर्ण पटलेली नाही. बारा हे वय लहानच आहे.

चाचणी ४ आणि ५ फेब्रुवारीला सकाळी, कागदावर, भाषा आणि गणित. कुठल्या कंपनीची चाचणी घ्यायची ते शाळा ठरवते, काही कॉम्प्युटरवर असतात. आदल्या रात्री मी दही-साखरेचा विषय काढला तर लेक म्हणाली, आई, बाकीच्यांना माहितीही नाहीये उद्या चाचणी आहे. तरी दिली हातावर. मग कार्निव्हलची सुट्टी आली, आठवडाभर आख्खं गाव नाव बदलून लांपेखाट झालं, जो तो रंगीबेरंगी कपडे घालून रस्त्यावर, आणि मी मात्र पंधरा मार्चची वाट बघत होते, कारण निकाल त्याच्या आत येतो.

१४ मार्चला आला. हावो/व्हीडब्ल्यूओ. गणिताने वर ओढलं होतं पण वाचनसुद्धा अपेक्षेपेक्षा बरंच वर. आम्ही मेल तीनदा वाचली आणि मग भाषांतर करून चौथ्यांदा. २० मार्चला परत युफकडे. शाळेने सल्ला बदलला: हावो. मला क्षणभर वाटलं की चाचणीत हावो/व्हीडब्ल्यूओ आहे तर तेच का नाही, आणि तोंड उघडणार तेवढ्यात लेक म्हणाली, 'मला हावो बरोबर वाटतं.' स्वतःहून बोलली, डचमधे, तीन मोठ्या माणसांसमोर. युफने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले.

पक्का सल्ला २४ मार्चच्या आत येतो आणि देशभर सगळीकडे नाव नोंदवायचा आठवडा एकच, २५ ते ३१ मार्च. पहिल्या दिवशी भरलं म्हणून आधी नंबर लागत नाही, त्यामुळे पहाटे उठून बसू नका, पण ३१ पर्यंत सोडूही नका. शाळेकडून आलेला सल्ल्याचा फॉर्म, ओळखपत्राची कॉपी, बीएसएन, आणि शाळा पसंतीच्या क्रमाने. एकच शाळा लिहून मोकळे होऊ नका, लोकप्रिय शाळेत जास्त मुलं आली की सोडत काढतात. अ‍ॅमस्टरडॅमला तर म्हणे लांबलचक यादी द्यावी लागते आणि कॉम्प्युटर मुलं वाटतो, तिथल्या मैत्रिणीने एप्रिलमधे जेवण सोडलं होतं. आमच्याकडे तेवढं नव्हतं. १६ एप्रिलला मेल आली, पहिल्या पसंतीची शाळा, हावो/व्हीडब्ल्यूओ मिश्र ब्रुखक्लास. क्रेपवाली.

त्यानंतर ग्रुप ८ मधे अभ्यास असा होतच नाही. तीन दिवसांचा कँप, आणि मग नाटक, प्रत्येक शाळेत ग्रुप ८ निरोपाला संगीत नाटक करतंच. आमच्या लेकीला बोलक्या म्हातारीचं काम होतं, अकरा वाक्यं. मी पहिल्या रांगेत बसून रडले, शेजारचा डच बाबाही रडत होता, त्यामुळे लाज वाटली नाही.

खर्च लिहिते कारण मैत्रिणीने तोच आधी विचारला. माध्यमिकलाही फी नाही आणि पुस्तकं फुकट, वापरून परत करायची. लॅपटॉप शाळेच्या दुकानातून ४९० युरो, पैसे नसतील तर शाळेने सोय करायची असते, विचारायला लाजू नका. कॅल्क्युलेटर, अ‍ॅटलस, व्यायामाचे कपडे मिळून दीडशे. सायकल सेकंडहँड १८०, आणि कुलूप चांगलं घ्या, आम्ही स्वस्तातलं घेतलं आणि सप्टेंबरमधे दुसरी सायकल घेतली. पावसाची पँट. पाऊस थांबायची वाट बघणारं मूल शाळेत पोचत नाही.

१८ ऑगस्टला ब्रुखक्लास सुरू. एका युफच्या जागी अकरा शिक्षक, दर तासाला वर्ग बदलायचा, शिक्षक आजारी तर तास रद्द, मुलं बाहेर बाकावर. तीन वर्षांनी विषयांचा गट निवडायचा आहे, नापास होऊन तेच वर्ष परत करणं इथे कोणी मनावर घेत नाही, वगैरे वगैरे, ते तेव्हाचं तेव्हा. मार्क दहापैकी, साडेपाचला पास, आठ म्हणजे उत्तम, आणि दहा कोणाला मिळालेले मी अजून ऐकले नाहीत. सगळे मार्क मोबाइलवर अ‍ॅपमधे लगेच दिसतात आणि पास नसेल तर लाल. पहिला आला तो फ्रेंचचा, ४.८, लाल, मी ऑफिसच्या मीटिंगमधे होते. गणितात ९.१. आता मी नोटिफिकेशन बंद करून टाकलंय, हा सल्ला मात्र सगळ्यांना.

आणि दिवाळी. इथे शाळा चुकवायला परवानगी लागते, सुट्टीच्या अलीकडेपलीकडे भारतात जायचं म्हणून दोन दिवस जास्त मागितले तर मिळत नाहीत आणि न सांगता गेलात तर प्रकरण सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाऱ्याकडे जाऊन दंड होतो. पण धार्मिक सणासाठी एक दिवस मिळतो, दिवाळीला एक आणि होळीला एक, निदान दोन दिवस आधी कळवायचं. आमची शरद ऋतूची सुट्टी १९ ऑक्टोबरला संपली आणि लक्ष्मीपूजन २१ ला, मंगळवारी. मी फॉर्म भरून ठेवला होता. लेक म्हणाली, अजिबात नको, मंगळवारी फ्रेंचची दुसरी चाचणी आहे, चुकले तर परत कधी घेतील काय माहीत. मग लक्ष्मीपूजन संध्याकाळी सात वाजता झालं, ती ओल्या पँटने तशीच पाटावर बसली, आणि करंजी खाताखाता मला अनियमित क्रियापदं म्हणून दाखवली.